बुवा गेले कुठे?

काकडा संपला होता, पारायणाला अजून अर्धा तास होता आणि मला मांडवात माझा लॅपटॉप मिरवायचा होता. नेवासा तालुक्यातलं माझं आजोळ, सप्ताहाचा पाचवा दिवस. गावच्या भजनी मंडळातले एक बुवा काही वर्षांपूर्वी गेले. त्यांचे अभंग कुणीतरी पुण्याला नेऊन स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून ठेवले होते आणि ते माझ्याकडे होते. लोक बसेपर्यंत वाजवावेत, एवढाच विचार.

माझ्या पिशवीत एक वायर होती. एका टोकाला लॅपटॉपची बारीक पीन, दुसऱ्या टोकाला माइकची तीन काड्यांची. साऊंडवाल्या अण्णांनी मिक्सरवरची एक जागा मोकळी करून दिली. जोडलं, वाजवलं. टाळ आले. पेटी आली. मागे धरणारे टाळकरी आले. विहिरीतून यावी तशी एक घुमही आली. बुवा तेवढे आले नाहीत.

"आरं, बुवा गेले कुठं?" खांबाला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारलं. त्या बुवांच्या नात्यातल्या निघाल्या.

मी शिकलेला माणूस. घाईघाईने सेटिंग्ज उघडली आणि 'मोनो ऑडिओ' असं एक बटन आहे ते चालू केलं. डावं-उजवं एकत्र झालं की बुवा सापडतील, असा हिशेब. त्याबरोबर टाळही गेले, पेटीही गेली, टाळकरीही गेले. पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या उड्या मारत होत्या आणि कर्ण्यातून ब्रही नाही.

"सर, बंद केलं का?"

"नाही अण्णा, चालू आहे."

अण्णा उठले. माझी वायर काढून त्यांनी माझ्या हातात दिली, आणि आपल्या पत्र्याच्या पेटीतून स्वतः डाग देऊन केलेली एक वायर काढली. इकडे बारीक पीन एकच, तिकडे जाड पिना दोन. "एल इथं, आर इथं," म्हणत त्यांनी त्या मिक्सरच्या दोन वेगवेगळ्या भोकांत खुपसल्या. बुवा आले. आजी पदर सावरून नीट बसल्या.

घरी आल्यावर मी हे प्रकरण समजून घेतलं आणि मग त्याचा नादच लागला. पुढचं वर्षभर जिल्ह्यात जिथे जिथे संगणकाची वायर कशाला तरी जोडलेली दिसली, तिथे थांबून विचारत गेलो. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. एसटीत मात्र अजून 'नगर एक द्या' असंच ऐकू येतं, तेव्हा मीही नगरच म्हणतो.)

आधी बुवांचा उलगडा. माइकच्या वायरीत तीन तारा असतात. एक जमिनीची, आणि उरलेल्या दोन्हींत तोच आवाज, पण एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. मिक्सर काय करतो, तर पहिल्यातून दुसरा वजा करतो. उलट्याची वजाबाकी म्हणजे बेरीज, म्हणून आवाज दुप्पट होतो. वाटेत जनरेटरची, ट्यूबलाइटची जी खरखर दोन्ही तारांत सारखीच शिरली असेल, ती मात्र वजाबाकीत मरते. मांडवात शंभर-दीडशे फूट वायर ओढली तरी माइक स्वच्छ वाजतो तो यामुळे.

लॅपटॉपच्या बारीक पिनेतही तीनच तारा, पण त्यांचा अर्थ निराळा. एक जमिनीची, एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची. मिक्सरला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो आपला डाव्यातून उजवा वजा करत बसतो. स्टुडिओत गायकाला सहसा मधोमध ठेवतात, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे तो तंतोतंत सारखा असतो. सारख्यातून सारखं गेलं की शून्य. कडेला बसवलेले टाळ आणि पेटी वाचतात. गाण्यातून गायक पुसून कराओके करायची जुनी युक्ती हीच आहे. मी ती काकड्यानंतर, भर मांडवात, न कळत केली होती. आणि वर मोनोचं बटन दाबून दोन्ही बाजू सारख्या केल्यावर वजाबाकीत काहीच उरलं नाही. बटन बरोबर होतं, त्याच्या पुढची वायर चुकीची होती. अण्णांच्या वायरीवर तेच बटन मी पुन्हा दाबलं, तर उत्तम चाललं.

पुढच्या वर्षभरात मला जे कळलं ते बहुतेक या प्रसंगातच होतं. संगणकाला एक माणूस डोळ्यांसमोर दिसत असतो. हा माणूस दोन चांगल्या स्पीकरांच्या बरोबर मध्ये, दोघांपासून सारख्या अंतरावर, शांत खोलीत बसलेला आहे. सगळी सेटिंग्ज कंपनीतून येतात ती त्या माणसासाठी. आमच्या जिल्ह्यात असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

दोन स्पीकरांची ही कल्पना ब्रिटनमधल्या ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याची. ईएमआय कंपनीत असताना डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. सिनेमा पाहताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, याचा त्याला वैताग आला आणि तिथून हे सुचलं, असं सांगतात. कल्पना थोरच. पण ती बसलेल्या माणसाची आहे. आमच्याकडे आवाज ऐकतात ते ऊस तोडताना, ट्रॅक्टरवर, पंगतीत वाढताना, देवळाच्या पारावर. कर्णे दोन असले तरी एक वेशीकडे तोंड करून आणि दुसरा मळ्याकडे. पेटी डावीकडे आणि टाळ उजवीकडे ठेवले, तर वेशीत नुसती पेटी आणि मळ्यात नुसते टाळ. म्हणून गावातल्या स्पीकरला लॅपटॉप जोडायचा तर पहिलं काम मोनो. विंडोजमध्ये ते बटन ॲक्सेसिबिलिटीखाली ऑडिओत सापडतं. मॅकमध्ये आणि फोनमध्येही ॲक्सेसिबिलिटीतच. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी म्हणून ते तिथे ठेवलंय. जिल्ह्यातल्या सगळ्या मंदिरांची, शाळांची आणि ग्रामपंचायतींची सोय तिथेच लपलेली आहे हे तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं.

मोनो म्हणजे गरिबाचं, असं समजायचं कारण नाही. नगरमध्ये १६ एप्रिल १९१८ ला एका आयरिश फौजी माणसाच्या घरी मुलगा झाला, तो पुढे स्पाइक मिलिगन म्हणून गाजला. १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर त्याच्या 'द गून शो'ने इंग्लंडला पोट धरून हसवलं. स्फोट, धावपळ, अशक्य आवाजांची नुसती रेलचेल. बीबीसीने १९५८ मध्ये चमत्कारिक आवाज घडवण्यासाठी खास कार्यशाळा काढली, तिनेही या कार्यक्रमाला आवाज पुरवले. आणि हे सगळं ऐकलं जात होतं ते घरातल्या एका रेडिओच्या एकाच स्पीकरवर. आपला एफएमही याच जाणिवेने रचलेला आहे. स्टीरिओ कार्यक्रम असला तरी डाव्या-उजव्याची बेरीज आधी, मुख्य जागी पाठवतात आणि फरक वेगळा, वरच्या मजल्यावर. साध्या रेडिओला फक्त बेरीज कळते, आणि बेरजेत कुणी गहाळ होत नाही. आकाशवाणीचं नगर केंद्र गोठ्यातल्या एका स्पीकरच्या रेडिओवर नीट लागतं ते त्यामुळे.

कर्ण्याविषयी थोडं अधिक लिहायला हवं, कारण त्याच्याइतकी हेटाळणी दुसऱ्या कुठल्या यंत्राच्या वाट्याला आलेली नाही. कर्णा गाण्यासाठी नाहीच, तो बोलण्यासाठी आहे. साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली त्याला काही येत नाही आणि पाच-सहा हजारांच्या वर तो दमतो. पण माणसाची व्यंजनं, 'प' की 'फ' आणि 'स' की 'श' हे कळायला लागतं ते बहुतेक याच पट्ट्यात. म्हणून मैलावरच्या वस्तीवर कीर्तनातला शब्द न् शब्द पोचतो. त्यात तुम्ही लॅपटॉपवरून बेस वाढवून गाणं सोडलं, तर तो बेस ऐकू येत नाहीच, पण कर्ण्यामागच्या युनिटचा पडदा विनाकारण हादरत राहतो आणि एके दिवशी फाटतो. "पोरं येत्यात, बूस्टचं बटन दाबून ठेवत्यात, अन् युनिट माझं जातं," अण्णा म्हणाले. कर्ण्यासाठी उपाय उफराटा आहे. गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये इक्वलायझर उघडायचा आणि डावीकडच्या दोन-तीन पट्ट्या चक्क तळाला न्यायच्या. घरच्या हेडफोनवर हे ऐकलंत तर पत्र्याचं वाटेल. ऐकू नका. ते तुमच्या कानासाठी नाहीच.

त्याच्या अगदी उलटं टोक म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरांची भिंत. माळीवाड्याच्या विशाल गणपतीची स्वारी पुढे निघते आणि मागे इतर मंडळं, त्यांतल्या काहींचे ट्रक. 'सैराट' २०१६ मध्ये आला तेव्हा अजय-अतुल यांनी त्याचं संगीत लॉस एंजलिसला जाऊन, मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित केलं होतं. चित्रपटाचं करमाळा म्हणजे आमच्या कर्जत-जामखेडला लागूनच. त्यामुळे ती गाणी इकडे जरा जास्तच आपली. त्यातले व्हायोलिनचे ताफे मी पहिल्यांदा ऐकले ते दोन वर्षांनी, हेडफोन लावल्यावर. तोवर ट्रकमागे नाचताना नुसता ठेका ऐकला होता. ट्रकवर बेसचे खोके वेगळे आणि वरचे 'टॉप' वेगळे. कुठला स्वर कुणाकडे जायचा हे क्रॉसओव्हर नावाचं यंत्र ठरवतं. अशा ठिकाणी लॅपटॉपने स्वतःची अक्कल चालवायची नसते. 'ऑडिओ एन्हान्समेंट' नावाखाली जे काही असेल ते बंद. बाकी त्या आवाजाविषयी कायदा पुरेसा बोललेला आहे. २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे आकडे स्पष्ट छापलेले आहेत. ते कुठल्याही सेटिंगने साधत नाहीत, त्यासाठी बटनावरच्या बोटालाच वाटावं लागतं.

सावेडीत एकांकिकांच्या तालमीला गेलो, तेव्हा पार्श्वसंगीत सांभाळणाऱ्या मुलीने मला एक नियम शिकवला. लॅपटॉपचा आवाज ऐंशीच्या आसपास आणि मिक्सरचा गेन खालून हळूहळू वर. नवशिका याच्या उलट करतो. लॅपटॉप वीसवर ठेवतो आणि मिक्सर पिळतो, मग आवाजाबरोबर लॅपटॉपच्या पोटातली सूं सूं पण मोठी होऊन प्रेक्षागृहात येते. किंवा लॅपटॉप शंभरावर ठेवून थेट माइकच्या भोकात घुसवतो. माइक देतो ते व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकं, लॅपटॉप देतो जवळजवळ एक व्होल्ट. ओंजळीत पाणी घेणाऱ्याच्या हातावर मोटेचं पाणी ओतावं तसं होतं. लाल दिवा पेटून राहतो आणि आवाज फाटतो. लाइनचं भोक वेगळं असतं, ते शोधायचं. नसेल तर आवाज कमी करून घेणारं 'पॅड'चं बटन दाबायचं.

तिचा दुसरा नियम मला फार आवडला. प्रयोगाआधी ती विंडोजचे सगळे सूचनेचे आवाज बंद करते आणि वायफायही. कुठल्याशा प्रयोगात मरणाच्या प्रसंगी, ऐन शांततेत, बॅटरी संपत आल्याचा 'टुंग' वाजला होता म्हणे. "लोकांना वाटलं जीव गेला त्याचा आवाज आहे. एकाने टाळी पण वाजवली, सर."

आणि चार्जर. लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून घूं सुरू होते, काढला की जाते, हा अनुभव निम्म्या जिल्ह्याचा आहे. लॅपटॉपची जमीन आणि मिक्सरची जमीन वेगवेगळ्या वाटेने पोचतात आणि दोघींच्या मधून नको तो प्रवाह फिरतो. काही जण चार्जरची जाड तिसरी पीन कापून टाकतात. ते करू नका, माणूस मरतो त्याने. कार्यक्रम बॅटरीवर काढावा, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स नावाची छोटी डबी लावावी. तिच्यातल्या ट्रान्सफॉर्मरमधून आवाज पार होतो, जमिनीचं भांडण अलीकडेच राहतं.

आता ज्या आकड्यांवरून तरुण मंडळी तावातावाने भांडतात ते आकडे. ४४,१०० की ४८,००० की १,९२,०००? १६ बिट की २४? एका सेकंदात आवाजाचे किती तुकडे मोजायचे, हा पहिला आकडा. त्याच्या निम्म्यापर्यंतचे स्वर त्यात मावतात. कान चांगला असेल तर माणूस वीस हजारांपर्यंत ऐकतो, तेव्हा ४४,१०० पुरेसे. हा विचित्र आकडा १९८२ मध्ये आलेल्या सीडीमुळे जगभर झाला, पण जन्म त्याचा व्हिडिओ टेपवरचा. तेव्हा एवढी माहिती साठवायला दुसरं सोयीचं साधन नव्हतं. टीव्हीच्या चित्राच्या एका ओळीत तीन मापं, अशा २४५ ओळी आणि सेकंदाला ६० वेळा. गुणून बघा, बरोबर ४४,१०० येतात. सिनेमा-व्हिडिओवाल्यांनी ४८,००० धरले. म्हणून माझा साधा नियम आहे. संगणकावर जास्त करून गाणी ऐकत असाल तर ४४,१००, यूट्यूब आणि सिनेमे पाहत असाल तर ४८,०००, आणि मग त्याला हात लावू नका. १,९२,००० निवडून कर्ण्यावर लावणं म्हणजे मुळा धरण अर्ध्या इंची नळीला जोडून पाण्याची वाट बघणं.

बिटांचं मात्र मी स्वतः करून पाहिलं. १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं, २४ बिटांत १४४चं. हा फरक ऐकायचा तर जागा शांत हवी. म्हणून अरणगावजवळ मेहेराबादच्या टेकडीवर गेलो. जिल्ह्यात शांततेवर अधिकार सांगावा अशी हीच जागा. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. समाधीपासून जरा लांब झाडाखाली बसलो, चांगले वायरचे हेडफोन लावले आणि तोच अभंग दोन्ही प्रकारांत ऐकला. तीन वेळा ऐकला. फरक म्हणून जे काही ऐकू आलं, ती पायथ्याशी दौंड-मनमाड मार्गावरून जाणारी मालगाडी होती. २४ बिट असेल तर ठेवा, बिघडत काहीच नाही. नसेल तर हळहळू नका.

ब्लूटूथवाल्यांसाठी एकच गोष्ट. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शिकवताना एका शिक्षिकेची तक्रार होती की, गाणं ऐकताना हेडफोन सुरेख आणि वर्ग सुरू झाला की तोच हेडफोन जुन्या टेलिफोनसारखा. हेडफोन बिचारा दोन नावांनी वावरतो. 'स्टीरिओ' असतो तेव्हा फक्त ऐकवतो, चांगलं ऐकवतो. माइक उघडला की 'हँड्सफ्री' होतो आणि जाण्या-येण्याचा रस्ता एकाच बारीक पायवाटेवर येतो. इलाज स्वस्त आहे. ऐकायला ब्लूटूथच ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा. आणि ब्लूटूथच्या खोक्यावर तानपुरा लावून रियाज चालेल, ठेका लावून मात्र लॅपटॉपवर बटन दाबत साथ करू नका. दाबल्यावर आवाज यायला इतका उशीर होतो की सम हातची जाते.

घरात या सगळ्याची खरी परीक्षा झाली. आई लॅपटॉपवर जुने सिनेमे बघते. नव्या सिनेमांत तिला ढोल-ताशे ऐकू यायचे आणि संवाद नाही. "हे लोक पुटपुटतात," हा तिचा निष्कर्ष. मी वर्षभर तो मान्य केला होता. दोष पुटपुटण्याचा नव्हता. सिनेमाघरासाठी केलेल्या आवाजात सहा वाटा असतात आणि संवाद जातो तो मधल्या वाटेने. लॅपटॉपच्या स्पीकर सेटअपमध्ये कुणीतरी, बहुधा मीच हौसेने, ५.१ निवडून ठेवलं होतं. संगणक इमानदारीने संवाद मधल्या स्पीकरकडे पाठवत होता आणि आमच्या घरात मधला स्पीकर नव्हताच. 'स्टीरिओ' निवडल्यावर संवाद दोन्हीकडे वाटला गेला. वर 'लाउडनेस इक्वलायझेशन' चालू केलं. हे बटन हळू आवाज वर आणतं आणि मोठा खाली दाबतं. गाण्याचा त्याने चुथडा होतो, म्हणून जाणकार त्याला नाव ठेवतात. पण स्वयंपाकघरात कुकर शिट्टी देतोय आणि बाहेरच्या खोलीत नायिका काहीतरी सांगतेय, अशा घरासाठी त्याहून चांगलं काही अजून निघालेलं नाही.

घरातल्याच अप्पांची गोष्ट त्याहून साधी. तरुणपणी साखर कारखान्यात मशिनवर होते, उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. सकाळी ते हेडफोन लावून जुनी गाणी ऐकतात, म्हणजे डाव्या कानात येईल तेवढी. सुरुवातीच्या स्टीरिओच्या काळात वाद्यं चक्क एका बाजूला काढून ठेवायची पद्धत होती. परवा चहा घेऊन गेलो, ते डोळे मिटून बसले होते. मी काही न बोलता ॲक्सेसिबिलिटी उघडलं आणि मोनो चालू केलं.

अप्पांनी डोळे उघडले. हेडफोन डाव्या कानावर दाबून धरला. गाणं संपेपर्यंत बोलले नाहीत.

"यात बासरी आहे?"

"आहे ना अप्पा."

"पहिल्यापासून होती, का तू घातलीस?"